पास झालास, डर्मट

प्रिय डर्मट,

हे पत्र तुझ्या ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतेय, म्हणजे चहा करायला उठलास की हाती लागेल. फोन का नाही केला ते शेवटी लिहीन. आधी मला भांडायचंय, आणि या खेपेला तू मध्ये बोलायचं नाहीस. तुझं ते 'जाऊ दे ना गं, रो' कागदावर चालत नाही. इतकी वर्षं तेवढ्या शब्दांवर तू मला, जसिंटासारख्या बायकोला, सगळ्या डॉक्टरांना गप्प केलंस.

आज सकाळी बेव्हन टली दुकानात आला होता. आपल्या फुटी क्लबचा अध्यक्ष म्हणून आला होता, कारण हातात बायकोने केलेल्या चॉकलेटच्या लॅमिंग्टन केकचा डबा होता. एरवी तो बिया घ्यायला येतो तेव्हा साधं गुड मॉर्निंगही जिवावर येतं त्याच्या. काउंटरवर डबा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, शनिवारी टारंगलची ग्रँड फायनल आहे, आमचे म्हातारे वाट बघून बघून मेले, आणि तू तोंड वाकडं करून का फिरतेस? मी म्हटलं, डर्मट खेळणार नाही. तर हसला. म्हणाला, "परीक्षा तूच घेतलीस, पास तूच केलंस. आता काय तुला देवाकडून चिठ्ठी हवी?" त्याचे लॅमिंग्टन मी त्याच्यासमोर कुत्र्याला घातले. कुत्र्याला बरे नसतात, माहितीय मला. पण माझा हात थांबेना.

तुला मी पहिल्यापासून सांगते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी सांगते, कारण गावात सगळे तुझी गोष्ट अशी सांगतात की जणू तो एखादा सोहळाच होता. मोठ्या लीगच्या क्लबांनी नवी पोरं निवडली आणि तुला घेतलं त्या दिवशी आपण सगळे टीव्हीसमोर होतो, आठवतं? एकामागून एक नावं संपत आली, मम उठून भांडी घासायला गेली, आणि अगदी शेवटी, लोक खुर्च्या आवरायला लागल्यावर तुझं नाव आलं. डॅड अंगणात गेले आणि पिकअपचा हॉर्न दाबून धरला. शेजारच्या वस्तीवरून लोक आले, त्यांना वाटलं कुठेतरी आग लागली. मला त्या दिवसाचा राग नाही. त्या दिवशी मीही तुझ्या गळ्यात पडले होते.

राग आहे तो पुढच्याचा. मेलबर्नच्या त्या पहिल्या क्लबने तुला काय काम दिलं? समोरच्या संघातला जो हिरा असेल त्याला दिवसभर चिकटून राहायचं. त्याने चेंडू घेतला की तू त्याच्या अंगावर. तो पाणी प्यायला गेला तरी तू त्याच्या खांद्याशी. तुझ्या चांगल्या दिवशी पेपरात छापून यायचं की अमक्याचा आज सूर लागला नाही. तुझं नाव नाही. तू हसून म्हणायचास, सूर मी बिघडवला की, घरी फोन कर आणि डॅडना सांग. आणि डॅडना सांगायची गरजच नसायची. ते पबमध्ये त्या पेपरातल्या ओळीवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवायचे.

आणि ते उलटं पळणं. आपल्या या फुटीत, हातांनी झेलायच्या फुटबॉलात, याहून मोठं शौर्य नाही म्हणे. चेंडू उंच उडालेला, तू त्याच्यावर डोळे लावून मागे मागे पळतोस, आणि पळतोस त्या बाजूने भरधाव कोण येतंय ते बघायचं नाही. बघितलंस की भित्रा. आपल्या पबच्या भिंतीवर तुझा जो फोटो आहे त्यात तू हवेत आडवा आहेस आणि एका माणसाचा गुडघा तुझ्या कानात घुसलाय. त्याच्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'टारंगलचा पोरगा'. लोक त्या फोटोखाली बसून बियर पितात. मी परवा मालकाला म्हटलं, काढ तो. तो म्हणाला, रोविना, बरं वाटत नाहीये का तुला?

पहिल्या क्लबने सोडलं ते तुला गाडीच्या रेडिओवर कळलं. तू आणि जसिंटा लॉर्नच्या समुद्रावर होतात, हातात आइस्क्रीम. तुझ्या बदल्यात दुसरा कोणीतरी मिळाला आणि तू पर्थला. जसिंटाची इस्पितळातली नोकरी गेली वाऱ्यावर. तिथे बस्तान बसतंय तोवर उत्तरेला. मग पुन्हा मेलबर्न, चौथा क्लब, अंगावर असा नंबर की तो सहसा सराव करणाऱ्या पोरांना देतात. क्लबातल्या तुझ्या कपाटाचं तर मला बोलवतच नाही. एका क्लबासाठी शंभर सामने झाले की कपाटाच्या दारावर खेळाडूचं नाव रंगवतात. तुझे शंभराच्या वर केव्हाच झाले, पण एका ठिकाणी कुठेच नाहीत. चार कपाटं वापरलीस आणि एकावरही नाव नाही. त्यांनी तुझं डोकं, गुडघे, लग्न सगळं वापरून घेतलं आणि तोंडाला पानं पुसली. आणि तू काय म्हणायचास? चार क्लबांना मी हवा होतो, रो, कितीजणांना असं म्हणता येतं.

आता त्या ख्रिसमसच्या जेवणाबद्दल. तेव्हा मम होती अजून. बाहेर टेबल मांडलं होतं, माशा होत्या, डॅड कोळंबी सोलत होते, आणि तू रंगात येऊन आम्हाला तुझी युक्ती सांगितलीस. दर उन्हाळ्यात, जानेवारीत, मोसम सुरू व्हायच्या आधी, क्लब तुम्हाला एका पडद्यासमोर बसवून डोक्याची परीक्षा घेतो. पत्ते ओळखा, शब्द लक्षात ठेवा, रंग दिसला की बटण दाबा. मग मोसमात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण उन्हाळ्याइतके आले नाहीत तर बाहेर बसायचं. तू म्हणालास, अर्धे खेळाडू उन्हाळ्यात मुद्दाम चुका करतात. बटण उशिरा दाबतात, शब्द विसरल्यासारखं करतात. "उन्हाळ्यात एक दिवस मठ्ठ, म्हणजे वर्षभर हुशार." असंच म्हणालास, चेहरा अगदी गाढवासारखा करून. डॅडना इतकं हसू आलं की कोळंबी घशात अडकली आणि ममने त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. तुमच्या त्या शहाण्या खेळात पन्नास डॉक्टर आहेत, आणि तुम्ही लोक त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून स्वतःचंच डोकं फोडून घेता, आणि वर आम्ही जेवणाच्या टेबलावर टाळ्या द्यायच्या. यासारखा मूर्खपणा जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

चौथ्या क्लबने नारळ दिल्यावर तू घरी आलास. जसिंटा बॅलरॅटला गेली ती गेलीच, त्यात मी तिला नावं ठेवणार नाही. तू टारंगलकडून खेळणार म्हटल्यावर गावाने तुला डोक्यावर घेतलं. मी क्लबची प्रथमोपचारवाली, घोटे बांधणारी, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारी. म्हणून जानेवारीत ती परीक्षा मीच घेतली, क्लबच्या खोलीत, पंखा बंद पडलेला, पोरं घामाने निथळलेली. तू बसलास आणि तुझे गुण आमच्या त्या जाड्या फुलबॅकपेक्षाही कमी आले. मी चिडले. म्हटलं, इथे कसली नाटकं, हा गावचा क्लब आहे, नीट कर. तू डोळा मारलास आणि म्हणालास, "जुनी सवय, रो." मी तुला दोन शिव्या घातल्या आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मग डॅड गेले. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहितेय. डॅड मे महिन्यात गेले, हॉर्शमच्या इस्पितळात, रविवारी दुपारी, आणि त्यांचा हात तुझ्या हातात होता. मैदानाभोवती गाड्या लागतात त्यात त्यांची जागा ठरलेली, उत्तरेकडच्या गोलजवळ, गमट्रीच्या झाडाखाली. आपल्या संघाने गोल केला की सगळ्यांच्या आधी त्यांचा हॉर्न. ते गेल्यापासून त्या जागेवर कुणी गाडी लावत नाही. बेव्हननेच तिथे नारिंगी शंकू ठेवलाय. एवढं कळतं त्या माणसाला, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

गेल्या शनिवारी तू पुन्हा उलटा पळालास. खेळाचा शेवटचा चौथा हिस्सा चालू होता, आपण पुढे होतो, काही गरज नव्हती. पण चेंडू वर उडाला आणि तू निघालास मागे, मान वर, आणि त्या बाजूने त्यांचा तो लंबू पोरगा. आवाज मला पाण्याच्या गाडीपाशी ऐकू आला. सगळं मैदान ओरडत होतं, कारण चेंडू तू सोडला नव्हतास. मी तुझ्याजवळ पोचले तेव्हा तू बसला होतास, चेंडू पोटाशी धरून. मी विचारायचे ते प्रश्न विचारले. कोणत्या गोलकडे खेळतोयस? गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? तू माझ्याकडे पाहिलंस, मग गमट्रीकडे, आणि म्हणालास, "डॅडनी हॉर्न का नाही दिला गं?"

मी तुला दंडाला धरून बाहेर काढलं. बेव्हन धावत आला, म्हणाला, गंमत करतोय तो, आधी परीक्षा तर घे. म्हणून मी घेतली. सामना संपला होता, बाहेर पोरं क्लबचं गाणं म्हणत होती, पत्र्याची भिंत हादरत होती. तू पडद्यासमोर बसलास. आणि डर्मट, मी तुला बघत होते. तू नाटक करत नव्हतास. जीभ दातांत धरली होतीस, लहानपणी गणित करताना धरायचास तशी. एकेक शब्द ओठांत घोळवत होतास. कपाळावरची शीर उडत होती. तू आयुष्यात कधी एवढी मेहनत घेऊन काही केलेलं मी पाहिलेलं नाही. निकाल आला. जानेवारीत होते तेवढेच गुण, ना एक कमी, ना एक जास्त. बेव्हनने दारातूनच आरोळी ठोकली की पास झाला, आणि बाहेर बियरचे डबे उघडले.

मी तिथेच बाकावर बसले. तुझी युक्ती जशी चालायला हवी तशीच चालली होती. आता मला सांग, यातलं खरं काय? जानेवारीत तू खरंच नाटक केलंस आणि या मारानंतर जीव ओतूनही त्या नाटकापर्यंतच पोचलास? की जानेवारीतही नाटक नव्हतं, आणि डोळा मारलास तो मला कळू नये म्हणून? मी चार दिवस यावर डोकं फोडतेय. मला दुसरंच खरं वाटतं. मला वाटतं तू तेव्हाही घाबरला होतास, आणि तुझ्या त्या जुन्या विनोदामागे लपलास, कारण तो विनोद आम्हाला सगळ्यांना पाठ होता.

रविवारी मी तुला हॉर्शमला नेलं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांसमोर सांगितलं, आत रक्तस्राव नाही, पण फुटी बंद, आणि मेलबर्नला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तू मान हलवलीस. आणि संध्याकाळी पबमध्ये काय सांगितलंस? स्कॅन स्वच्छ आहे. तेवढंच. सगळ्यांनी तुझ्या पाठीवर थापा मारल्या. तुला खोटं बोलताही येत नाही धड, तू फक्त अर्धं खरं बोलतोस आणि उरलेलं लोकांवर सोडतोस. आणि लोकांना तेवढंच पुरतं.

काल शाळेवरून जाताना पाहिलं. सप्टेंबर आहे, मॅगपाय पक्षी घरट्यांवर बसलेत, सायकलवरच्या पोरांच्या डोक्यावर झडप घालतात. म्हणून सगळ्या आयांनी पोरांच्या डोक्यावर आइस्क्रीमचे रिकामे डबे बांधलेत, त्यांच्यावर डोळे काढलेत. मी गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला रडले. एका पक्ष्याच्या चोचीपासून आम्ही पोरांची डोकी सांभाळतो, आणि तीच पोरं अठरा वर्षांची झाली की गुडघ्यांसमोर उभी करतो आणि हॉर्न वाजवतो. डॅडवरही राग आहे मला. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मी धरलाय. त्यांनी तुला एकदा तरी म्हणायला हवं होतं की बाळा, पुढे बघून पळ.

तर मी काय केलंय ते ऐक. बेव्हन गेल्यावर मी दुकान बंद केलं आणि लीगच्या सेक्रेटरींच्या घरी गेले. त्यांना सांगितलं की डर्मट हॅस्केलची जानेवारीची परीक्षा धरता येत नाही, म्हणून गेल्या शनिवारचं पास होणंही धरता येत नाही. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं, पूर्ण. आणि मैदानावर तू काय विचारलंस तेही सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ फोनकडे वळले आणि म्हणाले, "बेव्हनला मी फोन करतो. तू घरी जा, पोरी." तुझं नाव संघातून निघालंय. बेव्हनने फोनवर मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळेल आणि शनिवारी हरलो तर मला या गावात ब्रेड विकत मिळणार नाही. न मिळो. घरी भाजेन.

तुला राग येईल. ये भांडायला. दार उघडं आहे. खरं तर मला तेच हवंय, तू येऊन माझ्यावर ओरडावंस, जुन्यासारखं, दार आपटावंस, आणि दुसऱ्या दिवशीही ते तुला आठवावं. येत्या सोमवारी जसिंटा येतेय. मी बोलावलं. मेलबर्नला आपण तिघं जाणार आहोत, आणि ती गाडी चालवणार आहे, तेव्हा तिच्याशी नीट वाग.

आता हे कागदावर का, ते. परवा सोमवारी सकाळी तू फोन करून विचारलंस, डॅड उठले का. मी तुला सांगितलं. तू असा रडलास की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. काल पुन्हा फोन, पुन्हा तेच, आणि मी पुन्हा सांगितलं, आणि तू पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा रडलास. आज पहाटे विचारलंस की शनिवारसाठी डॅडनी पिकअप धुतली का, आणि मी नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला. मला ते तोंडाने परत सांगवत नाही, डर्म, आणि तुला खोटं सांगणंही जमणार नाही. म्हणून हा कागद डब्यापाशीच राहू दे आणि मला फोन करायच्या आधी रोज सकाळी एवढं शेवटचं वाच. डॅड गेले. तू त्यांच्याजवळ होतास. शवपेटीला तुझा खांदा होता आणि तू नीट चाललास. तुझं रडून झालंय, पुन्हा पहिल्यापासून रडू नकोस. शनिवारी मी तो शंकू बाजूला करून त्यांची पिकअप तिथे लावणार आहे. तू स्टिअरिंगमागे बस, मी शेजारी बसेन, आणि गोल झाला की हॉर्न तू द्यायचा.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
रो